दुरैचं फाटक

१७ डिसेंबर

दुरै आज पुन्हा सुटला. पोस्टमन इसक्की आमच्या पाण्याच्या टाकीवर अकरा मिनिटं बसून होता. वेळ मी घड्याळात पाहिली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. टाकीवरूनच त्याने माझं रजिस्टर पत्र दिलं, सही घेतली. उतरताना म्हणाला, पुढच्या वेळेपासून तुम्हीच पोस्टात येत जा.

दुरै म्हणजे शेजारच्या जगन्नाथ राजांचं कुत्रं. अस्सल राजपाळयम जातीचं. कमरेइतकं उंच, पांढरंशुभ्र, नाक गुलाबी. गोऱ्या साहेबाला आमच्याकडे दुरै म्हणायचे, त्यावरून नाव. वागणंही साहेबाचंच — कुणाचं ऐकत नाही.

राजांच्या लाकडी फाटकाची वरची बिजागरी गेल्याला वर्ष झालं. फाटक बँडेजने बांधलेलं असतं. आमच्या गावात घरोघरी मागावर बँडेजचं कापड निघतं, तेव्हा दोरीची कामंही तेच करतं. मी एकतीस वर्षं हे कापड तपासण्याची नोकरी केली. ते जखमेसाठी असतं, फाटकासाठी नाही. इसक्कीच्या पोटरीला मागच्या महिन्यापासून तेच बांधलेलं आहे, आणि तिथे ते व्यवस्थित टिकलंय.

१८ डिसेंबर

मार्गळी महिना लागलाय. शेंबगम पहाटे साडेचारला उठून दारात कोलम घालते — महिनाभर रोज, तांदळाच्या पिठाचे ठिपके मोजून. आज एकोणीस ठिपक्यांच्या ओळीचा मोठा घातला होता. दुरै त्यावरून गेला, परतही त्यावरूनच आला. ती काही बोलली नाही. आमच्या घरात बायको बोलली नाही म्हणजे मी बोलायला जायचं असतं.

२० डिसेंबर

गेलो. फाटकाबाहेर उभं राहून हाक मारली. कुत्र्याच्या घरी अशीच रीत आहे — आधी हाक मारायची, मग थांबायचं.

राजा अण्णाची — आमच्याकडे थोरल्याला अण्णाची म्हणतात, धाकट्याला तंबी — चौऱ्याहत्तर वर्षांचे. कमरेला पांढरी वेष्टी, कपाळावर नाम, बोलण्यात चार पिढ्या. त्यांच्या पणजोबांची कुत्री जमीनदाराच्या शिकारीत असायची, हे त्यांनी मला आजवर शंभरदा सांगितलं असेल. आज एकशेएकाव्यांदा. ते संपल्यावर मी फाटकाचा विषय काढला.

"बांधलंय की, तंबी."

"बँडेजने बांधलंय, अण्णाची."

"डबल घडी आहे."

२१ डिसेंबर

डबल घडी सुटली.

२४ डिसेंबर

मुलीचा, वेण्णिलाचा, कोइमतूरहून फोन. सातवा महिना चालू आहे. मार्गळीत शुभकार्य नसतं, म्हणून बांगड्या भरायचा कार्यक्रम पोंगलला तै महिना लागल्यावर, सासरी. तिथून अठरा जानेवारीला आम्ही तिला बाळंतपणासाठी इकडे आणायचं.

पोरीचा आवाज ऐकून शेंबगम रडली. मी फोन ठेवला आणि बाहेर जाऊन पावलं मोजली. दुरैच्या भीतीने रिक्षावाले आता गल्लीत शिरत नाहीत, वळणावर उतरवतात. वळणापासून आमच्या दारापर्यंत बेचाळीस पावलं. त्यातली चौदा राजांच्या फाटकासमोरून. पोटुशी बाई जपून चालते, तिची वीसेक होतील.

मला भीती वाटते. सरळ लिहून ठेवतो. दिवसा वाटत नाही असं दाखवतो, पण वाटते.

२७ डिसेंबर

वॉर्डाच्या नगरसेवकाकडे गेलो. चहा दिला. पोस्टमनला आणि दूधवालीला चावलंय म्हटल्यावर त्याने विचारलं, खोलवर? मग म्हणाला, आपल्या मातीचं कुत्रं आहे, त्याचं कौतुक करायचं सोडून तक्रार कसली करता. निघताना कळलं की राजांनी त्याला दुरैपासून होणाऱ्या पुढच्या वेतातलं पिल्लू कबूल केलंय. अगदी पांढरं, ठिपका नसलेलं.

शेजारीण म्हणाली, विटकरी घेऊन फिरा. मी एक घेऊन फिरलो. जड होते.

२९ डिसेंबर

आज एक गोष्ट पाहिली. कारण नसताना लिहीत नाही.

देवळाने मार्गळीसाठी नवा भोंगा बसवला. कसा कोण जाणे, नेमका राजांच्या कुंपणालगतच्या खांबावर. पहाटे पावणेपाचला तो सुरू झाला तेव्हा माझी कवळी पेल्यात हलली. गल्लीतली सगळी कुत्री गळा काढून रडायला लागली. मी गच्चीवर गेलो, भोंग्याला शिव्या घालायला.

दुरै खांबाच्या बुंध्याशी झोपला होता. भोंगा त्याच्या डोक्यावर आठ हात. त्याचा कान हलला नाही.

३० डिसेंबर

तपासणी केली. एक नमुना पाहून माल नापास करायचा नसतो, नोकरीतला नियम.

गच्चीवरून, त्याची पाठ असताना, ताटावर पळी वाजवली. दहा वेळा. काही नाही. त्याचं नाव घेऊन ओरडलो. काही नाही. शेंबगम खालून म्हणाली, काय चाललंय? मी म्हटलं, ताट तपासतोय. तिने पुढे विचारलं नाही, लग्नाला तेहतीस वर्षं झालीत.

मग विटकर त्याच्यामागे, अंगापासून लांब, जमिनीवर टाकली. जमीन हादरली तसा तो ताडकन उठला, गर्रकन फिरला आणि हवेला चावला. तिथे कुणीच नव्हतं. तरी चावला. मग उभा राहून थरथरत होता.

बहिरा आहे! ठार बहिरा. इसक्कीने मागून वाकून पत्र ठेवलं होतं. दूधवाली कोपऱ्यावरून अचानक आली होती, सायकलची घंटी वाजवत. लोक याला लांबून हाका मारतात, ओरडतात, आणि मग ऐकलं असेल असं धरून जवळ जातात. तो अंगावर येत नाही. तो दचकतो. वर्षभर मी त्या जनावराला शिव्या घातल्या. वाईट वाटलं.

१ जानेवारी

राजांना सांगितलं. त्यांच्या ओसरीवर, दोघेच असताना. मला वाटलं होतं चिडतील, चार पिढ्या काढतील. त्यांनी उठून आधी गल्लीत कुणी आहे का ते पाहिलं.

"कुणाला बोललास?"

"नाही."

"सात पिल्लं होती. सहांच्या अंगावर कुठे ना कुठे डाग. कानावर, शेपटीवर. मी सगळी देऊन टाकली आणि हा ठेवला. वेतातला सगळ्यात पांढरा." मग म्हणाले, "दोन महिन्यांचा होता तेव्हाच मला कळलं."

म्हणजे माहीत होतं. मी म्हटलं, मग लोकांना सांगा, गल्ली सावध होईल, पाय आपटून येतील, समोरून येतील. त्यावर त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"चावरा म्हणू देत, तंबी. राक्षस म्हणू देत. राजाच्या घरचं कुत्रं बहिरं निघालं, असं नको."

मला त्यांची कीवही आली आणि संधीही दिसली. दोन्ही एकदमच, हे कबूल करतो. म्हटलं, अठराला माझी मुलगी येतेय. लोखंडी फाटक, पक्की कडी, तै लागायच्या आत.

ते म्हणाले, होईल. आणि तू?

मी म्हटलं, मी काही पाहिलं नाही.

"घरातही नको बोलूस."

घरात बोलायचा प्रश्नच नव्हता. शेंबगमला सांगितलं तर तासाभरात दूधवालीला कळेल आणि संध्याकाळपर्यंत देवळातल्या भोंग्यालाही. कबूल केलं. सौदा चांगला झाला असं वाटून घरी येऊन दोन इडल्या जास्त खाल्ल्या.

४ जानेवारी

वेल्डर आला. पूर्ण वेळ कुंपणाच्या भिंतीवर बसून काम केलं.

९ जानेवारी

फाटक उभं राहिलं. साडेपाच फूट, वर भाले, खाली पत्रा, आतून-बाहेरून कडी. निळा रंग. मी तीनदा हलवून पाहिलं. नापास करण्यासारखं काही सापडलं नाही.

बाहेर राजांनी पाटीही लावली: सावधान, क्रूर कुत्रा. 'क्रूर' तांबड्या अक्षरात. पाटी वाचताना त्यांची मान ताठ होती.

१० जानेवारी

पहाटेचा कोलम दिवसभर टिकला. शेंबगमने विचारलं, तुम्ही त्यांना असं काय सांगितलंत? मी म्हटलं, समजावलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला नवीन लग्न झाल्यासारखं वाटलं. तेव्हा सांगणार होतो. मग म्हटलं, कशाला, फाटक आहे ना.

१५ जानेवारी

पोंगल. भात उतू गेला, पूर्वेकडे. सगळे खूश. इसक्की सणाची भेट घ्यायला दारापर्यंत चालत आला आणि चालतच परत गेला.

१८ जानेवारी

आणली! बेचाळीस पावलं. तिची एक्कावन्न झाली, मध्ये थांबून ती राजांच्या फाटकाचा निळा रंग बघत होती. आतून दुरै पत्र्याच्या फटीतून तिची पावलं बघत होता. कडी बंद. काही झालं नाही. मी उगाचच हसत सुटलो, तर पोर म्हणाली, अप्पा, बरे आहात ना?

दोन्ही हात कोपरापर्यंत काचेच्या बांगड्यांनी भरलेत, हिरव्या-लाल. पोटातल्या बाळाला आता ऐकू येतं, त्याला ही किणकिण ऐकू यावी म्हणून भरतात. घरभर ती वाजत फिरते. ती कुठल्या खोलीत आहे हे न बघता कळतं. मला तेवढं पुरे.

२० जानेवारी

शेंबगम तिला रोज काही ना काही तळून घालते. मला पेज.

२२ जानेवारी

सरकारी दवाखान्यातून आताच आलो. सावकाश लिहितो.

वेण्णिला सकाळी ताटात गुळाचे तळलेले अधिरसम घेऊन निघाली. राजांना ती लहानपणापासून पेरियप्पा म्हणते, मोठे काका. त्यांच्याच ओसरीवर गोट्या खेळून वाढली. बांगड्या दाखवायच्या होत्या. मी पायरीवर पेपर वाचत होतो. मला सांगून गेली. मी पेपरातून मान वर न करता म्हटलं — हाक मारून मग आत जा.

हे मी म्हटलं. मीच.

तिने हाक मारली. मला इथपर्यंत ऐकू आलं — पेरियप्पा, पेरियप्पा. राजा न्हाणीघरात होते. कुत्रं ओसरीच्या खांबाआड, पाठ करून झोपलेलं. तिला दिसलं. भुंकलं नाही, हाक मारली तरी उठलं नाही, तेव्हा तिला वाटलं शहाणं झालंय. कडी काढून आत गेली. पायरी चढताना त्याच्या शेपटीजवळ पाऊल पडलं.

पोट वाचवायला तिने हात पुढे केला. उजवा. बांगड्यांवर दात आले, म्हणून हाड वाचलं. नऊ टाके. काचेचे तुकडे वेगळे काढावे लागले. डॉक्टरीण म्हणाली, बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत, इंजेक्शनाने बाळाला काही होत नाही, तारखा चुकवू नका. तारखा मी लिहून घेतल्या.

राजा ओल्या वेष्टीतच दवाखान्यात आले. बाहेरच्या बाकावर बसून राहिले. माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. नर्सने विचारलं, कुत्रं तुमचंच का? ते म्हणाले, हो. कसं आहे स्वभावाने? ते म्हणाले, क्रूर.

मी तिथेच उभा होतो.

२३ जानेवारी

राजांनी दुरैला पहाटे आपल्या आंब्याच्या बागेत नेऊन बांधलं. फाटक उघडंच आहे, आत काही नाही.

शेंबगम त्याला जन्मभराचे शाप देतेय. मी ऐकतोय.

२४ जानेवारी

वेण्णिलाचा ताप उतरला. दुपारी तिच्या उशाशी बसलो होतो. डाव्या हातातल्या बांगड्या सारखी खालीवर करत होती. म्हणाली, "मी हाक मारली होती, अप्पा. तुम्ही सांगितलं तशी. दोनदा. त्याला ऐकू येत नसेल का?"

मी म्हटलं, कुणास ठाऊक.