समद्या पेट्या माझ्याच

९ जानेवारी २०२४

आत्यांना नेलं. पोलिसांच्या गाडीत, दोन महिला पोलिसांच्या मधी बसवून! सहासष्ट वर्षांची माझी सासू. लग्न होऊन आले त्या दिवसापासून आत्याच म्हणते. सासू हा शब्द आज लिहिताना पहिल्यांदा आला.

सकाळी नऊला आले. आतल्या खोलीत पत्र्याच्या चौदा पेट्या बघून साहेब म्हणाला, एवढ्या पेट्या कुणाच्या? आत्या चटकन म्हणाल्या, "माझ्याच हायत समद्या."

अहो, कशाच्या तुमच्या! गावातली चौदा घरं ऊस तोडायला गेलीत. बीडमधल्या शिरूरच्या या अंगाला दरसाल अर्धी गावं रिकामी होतात. जाताना लुगडी, भांडी, कागदपत्रं पेटीत घालून आमच्याकडं आणून ठेवतात. किल्ली पण आत्यांच्याच कमरेला. सोबत नेली तर भरवसा नाही असं दिसतं ना! आणि परक्या माणसानं विचारलं तर "माझ्याच" म्हणायचं. आत्यांच्या सासूपासूनची रीत आहे ही. सांभाळायचं ते आपलं म्हणूनच सांभाळायचं.

तिसरी पेटी उघडली. सुग्रीव आणि साखराबाईची. वर गोधडी, दोन पातळं. खाली गांजा. अकरा किलो भरला.

आत्या म्हणाल्या, "ह्यो कसला पाला हाय?" साहेब हसला.

१० जानेवारी

चूल पेटवली नाही. नवऱ्याला, अंगदला, फोन केला. ते कोल्हापूरकडं उसाच्या ट्रॅक्टरवर आहेत. "माय?" म्हणाले. निघालेत.

१५ जानेवारी

संक्रांत. बीडच्या जेलात भेट मिळाली. जाळीच्या पलीकडं आत्या एवढ्याशा दिसत होत्या. तिळगूळ आत नेऊ दिला नाही. मी रडायला लागले तर मलाच ओरडल्या, "रडतीस कावून? घरी पेट्यांपाशी कोण हाय?"

पेट्या! अजून पेट्याच!

२ फेब्रुवारी

आज वकील राधाकिशनरावांकडं बसले दोन तास. माणूस नीट समजावून सांगतो.

म्हणाले, "नुसतं घरात सापडलं म्हणजे गुन्ह्याचा ताबा होत नाही, ताई. वस्तू आपल्याकडं आहे आणि ती काय आहे, हे माणसाला माहीत असावं लागतं. पण या कायद्यात गाडी उलटी चालते. माल सापडला की माहीत होतं असंच कोर्ट धरतं. नव्हतं माहीत, हे आपण दाखवायचं."

मी म्हणाले, नसलेलं कसं दाखवू? डोकं उघडून दाखवायचं का त्यांचं? तर म्हणाले, "मनात कुणालाच बघता येत नाही, जज्जसाहेबांनाही नाही. मग ते बाहेरचं बघतात. किल्ली कुणाकडं होती. पोलीस आल्यावर बाई काय बोलली, कशी वागली."

म्हणजे सगळंच आमच्या विरोधात. किल्ली कमरेला आणि तोंडात "माझ्याच". पोलिसांपुढं बोललेलं कबुली म्हणून धरू देणार नाही म्हणाले, पण एकदा कानावर पडलेलं काही पुसता येत नाही.

दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सहासष्ट आणि दहा. मी बोटांवर मोजलं नाही, पण मनात बेरीज झालीच.

पंचनामाही वाचून दाखवला. त्यात सगळं बारीकसारीक. "कडीस दृष्टीचा काळा दोरा बांधलेला, तो कापून, आरोपीच्या कमरेच्या किल्लीने कुलूप उघडले." ही पोलिसांची लिहायची हौस! दोरा सगळ्याच पेट्यांना असतो, दिष्ट लागू नये म्हणून. आत्या झाडताना सुद्धा त्याला धक्का लागू देत नाहीत.

१ मार्च

जामीन झाला! घरी आल्या. पाय धुतले, देवाला हात जोडले आणि तडक आतल्या खोलीत. तेरा पेट्यांवरून पदरानं धूळ पुसली. जिथं पोलिसांनी नेलेली पेटी होती तिथं जरा वेळ उभ्या राहिल्या.

१२ मार्च

आज विचारलं. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

गाव काय बोलतंय ते रोज कानावर येतं. माझं आशा सेविकेचं काम, दहा घरं फिरावी लागतात. "म्हातारीला वास आला न्हाई व्हय?" "तिला बी वाटा आसंल." मी भांडते. दोघींशी तर बोलणंच सोडलं. पण रोज ऐकून ऐकून माझ्याही मनात किडा शिरला. खरंच वास आला नसेल?

भाकरी थापत होत्या. मी म्हणाले, "आत्या, माझ्यापाशी तरी खरं सांगा. ठाऊक होतं का तुम्हाला?"

हात थांबला. माझ्याकडं बघितलं. "तू बी?" एवढंच म्हणाल्या. परातीतली भाकरी तशीच ठेवून बाहेर जाऊन बसल्या.

१३ मार्च

बोलत नाहीत.

१७ मार्च

आज बोलल्या. "दळण आण" म्हणाल्या. मी गिरणीपर्यंत रडत गेले. माफी मागायचं धाडस काही झालं नाही.

२० एप्रिल

ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या. बायका आपापल्या पेट्या घेऊन गेल्या. एकही चहाला टेकली नाही. पूर्वी या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नसायची.

सुग्रीव आलाच नाही. फोन बंद. साखराबाई माहेरी चकलांब्याला आहे असं कळलं म्हणून अंगदसोबत गाडीवर गेले. दारातच उभी राहिली. मी म्हणाले, साखराबाई, फक्त एवढंच सांगा की पेटी तुमची होती. ती खाली बघत म्हणाली, "आमची पेटीच न्हवती तिथं."

जिचं बाळंतपण आत्यांनी केलं ती ही बाई! मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. अंगदनं ओढत गाडीवर बसवलं.

६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. यंदा फक्त सहा पेट्या आल्या. केशरबाईनं नेहमीसारखी पहिली आणली. आत्यांचा चेहरा असा खुलला की मला बघवेना.

११ फेब्रुवारी २०२५

आज पंचाची साक्ष. आमच्याच शेजारच्या गावचा माणूस. "बाई म्हणली समद्या पेट्या माझ्याच." वकिलांनी हरकत घेतली, जज्जसाहेबांनी ती लिहून घेतली. पण ऐकायचं ते सगळ्या खोलीनं ऐकलं.

३ एप्रिल

आत्या स्वतः साक्षीला उभ्या राहिल्या. वकील नको म्हणत होते. "आरोपीनं गप्प बसावं, तेच बरं असतं." आत्या ऐकायला तयार नाहीत. "मी काय चोर हाय का, गप बसाया?"

सरकारी वकील गोड बोलणारा. त्याचीच जास्त भीती वाटते.

"मावशी, किल्ली तुमच्याकडंच होती ना?" — "व्हय."

मी डोळे मिटले.

"गांजाला उग्र वास असतो. तुम्हाला आलाच नाही?"

"आला की."

आमचे वकील जागच्या जागी बसून राहिले.

"मग उघडून बघितलं का नाही?"

"दुसऱ्याची पेटी हाय, साहेब. दुसऱ्याच्या घराचा वास येणारच. त्यो इचारायचा आस्तो व्हय?"

तो म्हणाला, "डोळे झाकून घेतले म्हणजे माहीत नव्हतं असं होत नाही, मावशी. संशय येऊनही न बघणं म्हणजे जाणून घ्यायचंच नव्हतं, असा अर्थ होतो." आत्यांना ते काही उमगलं नाही. त्या जज्जसाहेबांकडं वळून म्हणाल्या, "बत्तीस वर्सं झाली. एक पेटी उघडली न्हाई म्या."

खरं बोलल्या. पण बत्तीस वर्षं उघडली नाही, हे आत्यांशिवाय कोण सांगणार?

घरी येताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. मी हललेच नाही.

१६ एप्रिल

रात्र बरीच झाली. लिहितेच तरी.

केशरबाईला मीच विनवून साक्षीला आणलं होतं. दुसरी कुणी तयार नव्हती. तिनं एवढंच सांगायचं होतं, की आम्ही पेट्या ठेवतो आणि सत्यभामाबाई, म्हणजे आमच्या आत्या, त्या सांभाळतात. तेवढं सांगून झालं तिचं, नीट सांगितलं.

मग सरकारी वकील उठला. "तुम्ही सहा महिने बाहेर. तुमची पेटी हिनं उघडली नाही, हे तुम्हाला कसं कळणार?"

केशरबाई फटकन म्हणाली, "कळतंय की! दोरा बांधून जातो आमी कडीला. ज्येची त्येची गाठ येगळी. एकदा सोडली की तशी परत बसत न्हाई."

जज्जसाहेबांनी मान वर केली. "तो दोरा दृष्टीचा नाही?"

"दिष्टीचा हाय म्हून सांगतो आमी. पर बांधतो ते म्हातारी उघडती का बघाया. कुलपाची किल्ली तिच्याचपाशी, मग काय करावं? साखराबाईला गाठ मीच शिकिवली."

राधाकिशनराव ताडकन उठले. पंचनामा उघडला, मोठ्यानं वाचला. काळा दोरा कापून कुलूप उघडले! "कापून, साहेब! म्हणजे पोलिसांच्या पात्यापर्यंत गाठ शाबूत होती. पेटी ठेवणारीला भीती होती की ही बाई उघडेल. जिला आतलं सगळं माहीत आहे, तिच्यावर कुणी अशी पाळत ठेवतं का?"

सरकारी वकील काहीतरी बोलला, मी ऐकलंच नाही. सुटलो! हेच डोक्यात. अंगदचा हात इतका दाबला की त्यांनी ओढून घेतला.

आणि मग आत्यांकडं बघितलं. कठड्यात उभ्या होत्या. केशरबाईकडं बघत होत्या. केशरबाई हसून मान हलवत होती, बघा कसं सोडवलं तुम्हाला, अशी.

आत्यांच्या तोंडावर कळा नव्हती. पोलीस घरात आले त्या दिवशीसुद्धा त्यांचं असं तोंड मी बघितलं नव्हतं.

२७ जून

निर्दोष. निकालातलं एक वाक्य वकिलांनी दोनदा वाचून दाखवलं. पेटी हिच्या ताब्यात होती, पण आत काय आहे याची हिला जाणीव नव्हती.

पेढे घेतले. आत्यांनी एक हातात घेतला आणि बस येईपर्यंत तसाच धरून बसल्या.

२ जुलै

गावाला आता नवा विषय मिळालाय. जिला तिला आपली गाठ सांगायची हौस! एकीची दुहेरी, एकीची उलटी, एकीनं दोऱ्यात केस घातलेला. पाणवठ्यावर हसून हसून सांगतात. आत्यांच्या समोर पण! "तुमी लई इमानदार बगा, आत्या. आमची गाठ कवाच हलली न्हाई."

त्यांना वाटतं ही तारीफ आहे.

आत्या घागर भरून निघून आल्या. चुलीपाशी बसून म्हणाल्या, "दिपाली, मी तर त्या दोऱ्यांला जपत हुते गं. तुटला तर त्यांच्या लेकराला दिष्ट लागंल म्हून."

मी जवळ जाऊन बसले. त्यांनी माझा हात घेतला नाही, पण सरकल्याही नाहीत.

२६ ऑक्टोबर

पेट्या घेऊन बायका आल्या होत्या. एकदम अकरा! नाव धुतलं गेलंय ना आता कोर्टातून. आत्या दारातच उभ्या राहिल्या. "जागा न्हाई."

मागं अख्खी खोली रिकामी दिसत होती.

केशरबाई रडायला लागली. "तुमच्यासाटीच बोलले न्हवं मी, आत्या? तुरुंगात गेल्या आस्त्या." आत्या म्हणाल्या, "व्हय बाई. तुझे लई उपकार हायत." त्या मनापासूनच म्हणाल्या. आणि दार लावून घेतलं.

९ नोव्हेंबर

दुपारी लसीकरणाहून आले तर माझी लग्नातली पेटी उघडी. आत्या समोर बसून एकेक कपडा झटकून बघत होत्या.

"आत्या, काय करताय?"

लपवलं नाही काही. शांतपणे म्हणाल्या, "उद्या कुणी इचारलं तर सांगाया यावं, माझ्या घरात काय काय हाय."

ही वही त्यांच्या मांडीवर होती. वाचता येत नाही त्यांना. बोट अक्षरांवरून फिरवत म्हणाल्या, "ह्यात काय हाय?"

त्यांच्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय मी! मी म्हणाले, "आशाचं रजिस्टर आहे, आत्या. सरकारी."

"बरं" म्हणाल्या. वही पदरानं पुसली आणि कपड्यांच्या खाली नीट ठेवून दिली.