सुनावणीच्या दिवशीचे रोडगे

पौर्णिमाची माय,

तू महादेवाले पाणी घालून येईपर्यंत थांबाची हिंमत झाली नाही, म्हणून लिहून जाऊन राहिलो. कचरा जाळायच्या कारखान्याची आज सुनावणी आहे, अन् तिथच्या पंगतीचे रोडगे गोवऱ्याच्या आरात मीच भाजणार आहो. सरपंचाच्या भावानं नुसतं पंगत आहे म्हटलं, मी हो म्हणून बसलो. जेवण कंपनीचं आहे, हे मले काल समजलं. पंगत बसली का सुनावणीत कोणी थांबत नाही, हे त्याहीले पक्कं माईत आहे.

राती तू कारखान्याविरुद्धचं भाषण वाचून दाखवलं, तवा मी मान हलवत होतो.

तिथं जेवू नको, भाकरी टोपल्यात आहेत.

कोठ्यातल्या वाळल्या गोवऱ्या तशाच ठेवल्या. पन्हाळीखालच्या ओल्या घेऊन चाललो. ओल्या गोवऱ्यात रोडगे लवकर होत नाहीत, तू सावकाश बोल. वारा सुनावणीच्या मांडवाकडं आहे. तिथं बसलेल्या कंपनीच्या साहेबाचे डोये चुरचुरले तं त्याले सांग, हा तं नुसता गोवऱ्याचा धूर आहे.