बांधापलीकडचा विस्तव

अवसरी बुद्रुक,
५ जानेवारी २०२६

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

चि. तानूबाईस म्हस्कूदादाचे अनेक आशीर्वाद.

पावण्यांची कंबर कशी आहे? हनुमंताचा खोकला गेला का? सूनबाई आशाचे दिवस भरत आले असतील, तिला ओझं उचलू देऊ नकोस. मेंढरांची नि कुत्र्यांचीही खुशाली कळव. डिंभ्यात तुमचा फोन लागत नाही, म्हणून हा कागद.

मी मेंढरं सोडून ऊस धरला त्याला वीस वर्षं झाली. यंदा तोडणीनंतरचं पाचट जाळायचं नाही, रानातच कुजवायचं ठरवलंय. मागच्या सालीही ठरवलं होतं. पण शेजारच्या गेणभाऊनं त्याचं पेटवलं, वारं फिरलं, आणि घटकाभरात माझीही राख. विस्तवाला बांध कुठला कळतोय!

सगळ्यांनीच जाळू नये म्हणून घरोघर हिंडलो. पलीकडचा चांगदेव म्हणाला, की सारं जग धूर सोडतंय, आपल्या पंधरा एकरांनी काय आभाळ निवळणार आहे? त्याला काय सांगायचं, ते तूच सांग. महिनाअखेर तोड येईल. काही सुचव.

तुझा,
म्हस्कूदादा


डिंभे,
११ जानेवारी २०२६

ती. दादास तानूबाईचा शि. सा. न. वि. वि.

कंबर बरी, खोकला गेला, आशा ठणठणीत. कुत्री तुझ्यापेक्षा शहाणी आहेत.

अरे, वीस वर्षं तूच काडी लावलीस, आता उपदेश करतोस, तर ऐकणार कोण? आधी तेवढं कबूल कर. आणि चांगदेवभाऊंना माझ्या वतीनं विचार. चार वर्षांमागं ऐन थंडीत अवकाळी कोसळला, माझी बावीस कोकरं ताठली. तो पाऊस कुणाच्या बांधावरून आला होता? मला धूर करणारे ठाऊक नाहीत, त्यांना माझी कोकरं ठाऊक नाहीत. म्हणून तर सगळ्यांनीच हात आवरायचा.

ऊस तुटला की, नवा फुटवा यायच्या आत, हनुमंत दोन दिवस तिथं मेंढरं बसवेल. पाचट तुडवलं जाईल, लेंड्या पडतील, लवकर कुजेल. पण रान सलग हवं, शेजाऱ्यांचंही न जाळलेलं. राखेत माझं मेंढरू बसायचं नाही.

माया आहे ती अशीच राहू दे.

तुझी,
तानू


अवसरी बुद्रुक,
२० जानेवारी २०२६

चि. तानूबाईस आशीर्वाद.

तुझ्या मेंढरांनी येण्याआधीच माझी फजिती केली. ती बसवायची म्हणून मी शेजाऱ्यांना निरोप धाडला, की रविवारी संध्याकाळी माझ्या रानात बसायचंय. आता लोकांत बसायचं म्हणजे बाटली घेऊन बसायचं, हे माझ्या धनगरी डोक्यात कुठलं येतंय! नऊ जण आले, खारे शेंगदाणे घेऊन. सुभाषनं तर ग्लासही आणले. त्यांत मी ताक ओतलं. चांगदेव म्हणाला, राव, लई मोठा दगा केलात. पण हसले सगळे, आणि हसलेला माणूस लगेच उठत नाही.

मग माझ्या वीस वर्षांच्या काड्या कबूल केल्या. तुझी कोकरं सांगितली. पाचट तुडवायला तुझी मेंढरं येणार, हेही सांगितलं. चांगदेवानं पुन्हा जगाचं काढलं, तसा गेणभाऊच उठला. म्हणाला, की माझ्या एका काडीनं म्हस्कूचं रान जाईल असं मलाही वाटलं नव्हतं, पण गेलं. जग मोठं असलं तरी तेही असल्याच बांधाबांधांचं असणार ना?

चांगदेवानं ताक संपवलं नि म्हणाला, बाकीचे थांबणार असतील तर मीही थांबतो. मग सुभाष तेच म्हणाला. मग तिसरा. तानू, नऊच्या नऊ जण दुसऱ्याच्या होकारासाठी अडून बसले होते गं! आजवर त्यांनी एकमेकांना विचारलंच नव्हतं.

सव्वीस तारखेला तोड सुरू होतेय. मेंढरं वेळेवर आली नाहीत, तर कुणाचा तरी हात खिशातल्या काडेपेटीकडे जाईल. कुणी सांगावं, माझाच जाईल. तेव्हा हनुमंत कधी निघतो, ते हातचं काम टाकून आधी लिही.

तुझा,
म्हस्कूदादा