अव्वाचा माळढोक

अप्पा, अव्वाला घेऊन मी वाळवंटात जाऊन आले. हे कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय, आणि तुम्हाला जाऊन तर पंचवीस वर्षं झाली. तरी लिहिते. आईला अव्वा म्हणायचं वळण तुमच्या उदगीरच्या घरचं. नांदेडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये शेजारच्या पोरी मला त्यावरून चिडवायच्या, पण ते काही सुटलं नाही. आता ती ऐंशीच्या पुढं गेलीय, शेजारच्या खोलीत शेजारणीला प्रवासाची हकीकत सांगतेय, आणि मी इथं स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन बसलेय.

हकीकत त्या पक्ष्याचीच आहे. माळढोकाची. तुमचं नवं नवं लग्न झालेलं, पहिली येळवस आलेली. इकडं नांदेडात ज्यांना ठाऊक नाही त्यांना मला दर साली समजावून सांगावं लागतं, की मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या लातूर-उदगीरकडं माणसं घराला कुलूप घालून शेतात जातात, कडब्याची कोप म्हणजे खोपटं करतात, बाजरीचे वाफवलेले उंडे, सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी आणि आंबिलीचा नैवेद्य दाखवतात, रानात चौफेर आंबील शिंपडतात आणि तिथंच जेवतात. त्या दिवशी तुम्ही दोघं बैलगाडीतून रानात निघाला होता आणि वाटेतल्या माळावर अव्वाला तो दिसला. कमरेएवढा उंच, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, आणि चाल अशी की गावचा पाटील सकाळी फेरफटका मारतोय. जन्मभर तिनं तो पक्षी सांगितला. आणि जन्मभर आम्ही तिला हसलो.

क्वार्टरमधलं ते स्वयंपाकघर डोळ्यापुढं येतं. दोन बायका एकदम उभ्या राहिल्या तर एकीनं श्वास आत घ्यायचा, एवढंसं. तुम्ही तिकीटखिडकीवरची ड्युटी संपवून पाटावर बसलाय, काका उदगीरहून आलेत, अव्वा भाकरी थापतेय. मी सातवी-आठवीत असेन. काका मुद्दाम खोडी काढतात, "वैनी, त्यो तुमचा पक्षी केवढा हुता म्हणालात?" अव्वा पिठाचा हात कमरेला लावून दाखवते, "हेवढा!" काका म्हणतात, "मागल्या साली मांडीएवढा हुता की हो. लई वाढलाय बगा!" मी फिस्सकन हसते. तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणता, "मी बी बघितलो की. हेवढाच हुता." झालं, काकांनी पाण्याचा तांब्या उचलला. मग तुम्ही माझ्याकडं बघून, "आन् तू दात काढू नको. तुझी आई लबाड बोलत न्हाई." तुम्ही मला एरवी कधी रागावला नाहीत, म्हणून ते फार लागलं. पण अव्वाचं तोंड असं काही उजळलं होतं की रडायचं राहूनच गेलं.

राजस्थानात अजून माळढोक आहेत, वाळवंटात त्यांच्यासाठी राखलेलं मोठं रान आहे, हे पेपरात वाचून तुम्हीच तिला सांगितलंत. हाताशी रेल्वेचा पास होता. पण पासावर तिरुपती झालं, काशी झाली, श्रीशैलला तर किती वेळा गेलो. वाळवंट मात्र रिटायर झाल्यावर, असं ठरलं. रिटायर झालात आणि वर्ष सरायच्या आत गेलात. मग माझी पाळी आली. माझी शाळेची नोकरी, मुलांच्या परीक्षा, लेकीचं बाळंतपण. दर साली पुढच्या साली. तुम्ही गेल्यावर अव्वानं पक्ष्याचं नाव घेणंच सोडलं. एकदा नातू म्हणाला, "आजी, मोर असेल गं तो." तर ती नुसती "असंल बाबा" म्हणाली आणि उठून आत गेली. अप्पा, ते "असंल बाबा" मला आजही टोचतं. तिच्या बाजूनं साक्ष द्यायला कुणी उरलंच नव्हतं.

आणि मग डोळे. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती सांभाळा. कडेचं सगळं गेलंय, समोरचं तेवढं नळीतून बघितल्यासारखं दिसतं, तेही धूसर. दवाखान्याबाहेर ऑटोत बसल्यावर ती म्हणाली, "आता काय बघायचं ऱ्हायलंय? एक त्योच ऱ्हायला." मला तिथंच रडू फुटलं. ऑटोवाल्यानं आरशातून बघितलं, बघू दे म्हटलं. त्याच आठवड्यात तिकिटं काढली. येळवशीलाच जायचं हा तिचा हट्ट. "येळवशीला दिसला हुता, येळवशीलाच दिसंल."

वाळवंट म्हणजे वाळूचे डोंगर आणि उंट, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वाळूच्या टेकड्या आहेत, नाही असं नाही, पण त्या लांब. त्या राखीव रानात शिरलं की मैलोन्मैल सपाट माळ. पिवळं वाळलेलं गवत, बोराटीची झुडपं, मधेच एखादं शमीचं झाड. जीप थांबली तशी अव्वानं नाकानं वारा ओढला आणि म्हणाली, "आपलंच रान हाय की गं हे. मातीच्या जागी वाळू हाय, एवढंच." ड्रायव्हर तिथल्याच एका वस्तीवरचा, मिशाळ, जरा तिरसट माणूस. तो हिंदीत म्हणाला की फुलं बघायची तर पाऊस सरता सरता यायचं, तेव्हा सगळा माळ फुललेला असतो. म्हणजे तिथंही आम्ही उशिराच. तरी एक रोहिडा लवकर फुलला होता. धुळकट पानांचं साधंसं झाड आणि फांद्या फांद्यांवर पिवळी-केशरी फुलं. खाली पडलेलं एक फूल मी अव्वाच्या हातात दिलं. तिनं ते डोळ्यांशी नेलं, मग गालाला लावलं. "रंग कसला हाय?" मी म्हटलं, झेंडूचा. "मग झेंडूच म्हन की," म्हणाली आणि अंबाड्यात खोचलं.

पण मला सुख नव्हतं. चिंकारांचा एक छोटा कळप झुडपांआडून निघाला, शेपट्या हलवत क्षणभर थांबला. मी म्हटलं, "अव्वा, हरणं!" ती मान वळवते, "कुठं? कुठं?" मी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून त्या दिशेला फिरवते, तोवर हरणं पसार. असं तीनदा झालं. खोकड झालं, गिधाडं झाली. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "तूच बघ गं, मला मागनं सांग." दहा वर्षांपूर्वी आणलं असतं तर हे सगळं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं असतं. मी जीपमध्ये मागं तोंड करून बसले आणि पदरानं तोंड पुसलं.

दुपारी रोहिड्याखाली जेवायला बसलो. येळवस म्हटल्यावर रानातच जेवायचं, त्याला वाळवंट काय करणार? भज्जी टिकली नसती, म्हणून बाजरीचे उंडे आणि आंबिलीचं पीठ तेवढं नांदेडहून नेलं होतं. लॉजवर ताक मागून आंबील केली. मी डबा उघडेपर्यंत अव्वा उठली, झाडाभोवती फिरत आंबील शिंपडली आणि उंड्याचे तुकडे मोडून चारी दिशांना फेकायला लागली. तोंडानं आपलं येळवशीचं म्हणणं चालूच. एवढ्यात ड्रायव्हर ओरडत धावला, "माँजी! ये क्या कर रही हो? खाना मत फेंको इधर!" माझं डोकंच फिरलं. म्हातारीवर ओरडतो म्हणजे काय! मी माझ्या मोडक्या हिंदीत त्याला चांगलं सुनावलं, हमारा सण है, नैवेद्य है, वगैरे. तो मात्र हात जोडून सांगत राहिला, की टाकलेल्या अन्नावर कुत्री येतात. गोडावण, म्हणजे आपला माळढोक, उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो, आणि या कुत्र्यांनीच त्याचं वाटोळं केलंय.

अव्वाला हिंदी कळत नाही. पण अंडा आणि कुत्ता एवढं कळलं. तिचा चेहरा पडला. "माझ्या उंड्यानं कुत्री येतील? त्याचं अंडं खातील?" म्हणाली आणि मटकन गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांनी वाळू चाचपायला लागली. दिसत तर काही नव्हतं. खडा हाताला लागला तरी उचलून मला विचारायची, "ह्यो उंडा हाय का?" मी म्हटलं, ऊठ, मी वेचते. तर म्हणाली, "मी टाकले, मीच उचलते." मग मीही बसले, आणि तो तिरसट माणूसही फेटा सावरत बसला. तिघांनी मिळून तुकडे वेचून तिच्या पदरात टाकले. आंबिलीनं ओली झालेली वाळूसुद्धा ती उचलत होती. ड्रायव्हर म्हणाला, "रहने दो माँजी, धूप सुखा देगी."

परत निघालो. तिनं मांडीवर पदराची पुरचुंडी घट्ट धरलेली. कुंपणाच्या तारेपाशी ड्रायव्हरनं जीप थांबवली, पायरीवर उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "माँजी, वो देखो. तार के उस पार." त्यानं दुर्बीण आधी माझ्याकडं दिली. मी बघितलं. तार, गवत, गवतात काहीतरी तपकिरी, झुडूप असेल, दगड असेल. हललं म्हणावं तर हललं, नाही म्हणावं तर नाही. मी त्या माणसाकडं बघितलं, तो माझ्याकडं बघेना. दुर्बीण अव्वाच्या डोळ्यांना लावली. ती किती तरी वेळ श्वास धरून बसली. मग म्हणाली, "दिसला! आता मान वर केलाय बघ. तसाच हाय गं, पाटलासारखा!" आणि माझा हात दाबून, "तुला दिसला न्हवं?"

मी हो म्हणाले, अप्पा. एवढाच होता, कमरेएवढा, असं हात लावून सांगितलं. ती परतीच्या गाडीत सबंध रस्ता बोलत होती. तुमच्या माघारी तिला एवढं बोलताना मी बघितलं नव्हतं.

तेव्हापासून एकच प्रश्न माझ्या मनातून जात नाही. त्या बैलगाडीत तुमचं तोंड रस्त्याकडं होतं, कासरा तुमच्या हातात होता. तुम्हाला तरी तो दिसला होता का? दिसला नसेल, तर इतकी वर्षं ते सांभाळणं किती जड गेलं असेल, ते मला आता कळतंय. तुम्ही असताना हे विचारायला हवं होतं, पण तेव्हा मला हसण्यातून सवड नव्हती. अव्वाला तर मी विचारणार नाही, आणि हा कागद तिच्या हाती लागेल असा ठेवणारही नाही.

आत्ता ती आतून हाक मारतेय, "ये गं, हिला सांग केवढा हुता!" मी उठतेच. तुम्हाला म्हणून सांगते, अलीकडं डोळे मिटले की मलाही ती पांढरी मान दिसायला लागलीय.