तळ्याखालची जमीन

आई, लांबूनच पाया पडते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

इथल्या खाऱ्या पाण्याच्या तळ्यात उन्हाची उष्णता तळाशी साठवतात. ती किती टिकेल, याचं गणित मी मांडते. खालच्या जमिनीत मुरणारी उष्णता मी वाया गेली असंच धरलं होतं. पण थंडी पडली तरी तळं माझ्या गणितापेक्षा गरम राहिलं. मुरलेलं सगळं नाही, पण बरंचसं जमीन हळूहळू परत देत होती. साहेब हसले आणि मी पुन्हा आकडेमोडीला बसले.

अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबा गप्प आहेत, त्यांच्याशी बोलणं वाया जातं, असं तू फोनवर म्हणालीस. तरी रोज बोल. काही सुचलं नाही तर माझ्याबद्दल तक्रारी कर. माझी बाजू घ्यायला तरी ते तोंड उघडतील.

तुमची दोघांची,
धाकटी