करपल्याचा वास

प्रिय आई,

आधी निकाल सांगते, कारणं मागून. आमच्या कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमधला सगळ्यात महाग तिखट सॉस म्हणजे साखरेचा पाक आहे. काळी बाटली, लाकडी बूच, गळ्यात सुतळी. आणि मागची बारीक अक्षरं वाचली तर पहिलं पाणी, दुसरी साखर, मिरची बिचारी पाचव्या नंबरावर. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! सगळ्यात खालच्या फळीवर, वाकल्याशिवाय दिसत नाही असा, सगळ्यात स्वस्त सॉस आहे. मिरची, व्हिनेगर, मीठ, बस्स. बाटल्या लहानमोठ्या असतात म्हणून मी शंभर मिलिलिटरचा भाव काढला, तर महागड्याच्या किमतीत हा सातपट येतो. थोडा आंबट आहे, पण प्रामाणिक आहे.

मी त्या फळीपुढे इतका वेळ उभी असते की दुकानातल्या मुली मला सरकारी तपासनीस समजून बाटल्या सरळ करतात. घरी सॉस किती दाट आहे तेही बघितलं. आमच्या कारखान्याच्या लॅबमध्ये रंगाचा दाटपणा तपासतो तसंच, तळाला भोक पाडलेला कप आणि घड्याळ घेऊन. खोलीतली मैत्रीण, ती दातांची डॉक्टर, म्हणाली, ‘तुझ्याशी लग्न करणाऱ्याने आधी विमा काढावा.’ पण चव घ्यायला तीच पहिली बसली, आणि पाणी पिऊन पिऊन अर्धी झाली.

हे सगळं कशासाठी ते तुला अर्धंच माहीत आहे. त्या तापानंतर तुला वास येईनासा झाला आणि वासाबरोबर चवही गेली. वर्ष झालं, तू माती चघळल्यासारखी जेवतेस. कॅन्टीनमध्ये दीडशे माणसांचं रांधतेस आणि मीठ बघायला मदतनीस बाईच्या पुढे चमचा धरतेस. झोंबणं ही चव नसते, ते जीभ भाजल्यासारखं जाणवणं असतं. वास नसला तरी ते कळतं. म्हटलं, निदान जेवताना काहीतरी कळू दे. म्हणून तीन सॉस पाठवले. किंमत दिसली की तू आधीच नाक मुरडतेस, म्हणून तिन्ही एकसारख्या कोऱ्या बाटल्यांत भरले आणि नुसते आकडे टाकले.

त्यानंतरचा तुझा फोन मला शब्दन् शब्द पाठ आहे. तू दोनच गोष्टी बोललीस. पहिली, महिन्याच्या शेवटच्या सोमवारी कॅन्टीनच्या किल्ल्या मॅनेजरला परत करणार, ‘चव न कळणारी स्वयंपाकीण म्हणजे आंधळा ड्रायव्हर’. दुसरी गोष्ट फोन ठेवता ठेवता: ‘आणि बाटल्या नीट धुऊन भरत जा गं, त्या तीन नंबरला करपल्याचा वास येतोय. लॅबमध्ये हेच शिकवतात का?’

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या! नव्याकोऱ्या, सीलबंद बाटल्या होत्या त्या. मी धुण्याबद्दल मोठं भाषण तयार केलं आणि पुरावा म्हणून तीन नंबरची मूळ बाटली घरातल्या फळीवरून काढली. लेबलवर लिहिलं होतं: लाकडाच्या धुरावर सुकवलेली मिरची.

मी खुर्चीवर बसले. मग उठले. मग पुन्हा बसले. मैत्रिणीने विचारलं, ‘काय झालं, नापास झालीस?’

तुला लगेच फोन करणार होते, पण एकदा घडलेल्या गोष्टीवर मी विश्वास ठेवत नाही. म्हणून बाबांना कामाला लावलं. कारण सांगितलं नाही, नाहीतर त्यांच्या चेहऱ्यावरून तू ओळखलं असतंस. रोज बाटल्यांचे आकडे झाकायचे, क्रम बदलायचा, उकडलेल्या बटाट्यावर थेंब घालून तुला द्यायचे आणि तू काय म्हणतेस ते मला कळवायचं. आठवडाभर बाबांचा एकच निरोप: ‘तुझी आई रोज नेमक्या त्याच बाटलीवरून तुला शिव्या घालते. तुम्ही मायलेकी मिटवा बाई तुमचं, मला बटाटे नको झालेत.’ आई, शिव्या खाऊन एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

तुला वास परत येऊ लागलाय. पूर्ण आलाय असं मी म्हणत नाही. दोन नंबरमध्ये भरपूर लसूण होती, ती तुला कळलीच नाही. उग्र वास आधी येऊ लागलेत, सौम्य अजून लांब आहेत. पण ज्या बाईला करपल्याचं कळतं, ती आंधळा ड्रायव्हर नाही. हे फोनवर सांगितलं नाही, कारण माझा आवाज कधी कापत नाही अशी माझी ख्याती आहे आणि ती मला टिकवायची आहे. तेव्हा सोमवारी किल्ल्या देऊ नकोस. कुलूप उघड, गॅस पेटव, कांदा परतायला घे, आणि कुणालाही न विचारता तो कधी उतरवायचा ते तूच ठरव. सोबत चौथी बाटली पाठवते आहे. आत काय आहे ते सांगणार नाही. चाखून बघ आणि मला फोन करून मनसोक्त शिव्या घाल.

वाट बघणारी, तुझीच
मोजपट्टी