पालथी पाटी

जळगाव,
गुरुवार, ता. ७ मार्च १९४६

प्रिय वच्छीअक्का,

माझं मागचं पत्र जवळ असेल तर काढ, आणि त्याच्या दुसऱ्या पानावरचा मजकूर खोडून टाक. मी तिथं लिहिलं होतं की धरणगाव आणि नशिराबादची मुलं धुळ्याच्या मुलांपेक्षा सावकाश विचार करतात, आणि तुझी कुंदा त्यांतही खालच्या बाजूला आहे. हे चूक आहे. कोडी तीच होती, घड्याळ नीट चालत होतं, आकडेही मी दोनदा ताडून पाहिले होते. तरीही ते चूक आहे, आणि चूक मुलांची नाही, माझी आहे. तुझ्या सासऱ्यांनी, आबांनी, ते पत्र वाचून घेतलं असं तू कळवलंस, तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. मामी ताट वाढून हाका मारते आणि मी वह्या चाळत बसते.

पहिल्यापासून सांगते, कारण मी नेमकं काय शिकते हे तुला मी कधी धड सांगितलंच नाही. पुण्याहून सुट्टीला आले की घरी सगळे विचारतात आणि मी हसून वेळ मारून नेते. इथं मामांच्या शेजारच्या प्रमिलाबाई तर परवा आपल्या सुनेला हाताला धरून घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुम्ही मनाचं शिकता ना? मग हिच्या मनात काय आहे ते सांगा, तीन दिवस झाले बोलत नाही." सून माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाली, सांगू नका. मी दोघींना चहा दिला आणि हे आमच्या अभ्यासक्रमात नाही असं सांगितलं. प्रमिलाबाई म्हणाल्या, मग एम.ए.ला शिकवतात तरी काय. त्यांचा प्रश्न बरोबर होता. मानसशास्त्रात मनाबद्दल फार थोडं सांगता येतं, म्हणून ते थोडं तरी खात्रीनं कसं सांगावं याची पद्धत आम्ही शिकतो. सगळ्यांना प्रश्न एकाच शब्दांत विचारायचा. आवाज चढवायचा नाही, मान हलवायची नाही. जे दिसलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. मला ही पद्धत आवडते, अक्का. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला ती हातात काठी दिल्यासारखी वाटते.

पुढं काय, हेही तू विचारलं होतंस. वडील म्हणून नानाही प्रत्येक पत्रात विचारतात. आमचे सर म्हणतात की सगळ्या मुंबई इलाख्यात हे शिकलेल्या माणसाला हात धरून बसवतील अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. लढाई चालू होती तेव्हा सैन्यात माणसं पारखून घ्यायला काहींना बोलावलं, आता लढाई संपली आणि ती माणसंही घरी आली. ट्रेनिंग कॉलेजात शिकवावं, नाही तर मुलींच्या शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवत राहावं. पण या वर्षी पुण्यात मुलांच्या बुद्धीची मोजणी करायला एक कचेरी निघते आहे आणि तिथं एक मदतनीस हवी आहे. सरांनी माझं नाव सुचवलं. मुलाखत येत्या सोमवारी अकरा वाजता. खेड्यातल्या आणि शहरातल्या मुलांचा फरक इतका स्वच्छ कुणी दाखवलेला नाही, असं त्यांनी शिफारशीत लिहिलं आहे.

प्रबंधासाठी तो फरक मी कसा काढला ते ऐक. धुळ्याला शाळेत बाकं आहेत. मुलानं कोडी सोडवली की उठायचं, कागद माझ्या टेबलावर ठेवायचा आणि खेळायला पळायचं. मी घड्याळ बघून वेळ टिपायची. धरणगावला आणि नशिराबादला बाकं नव्हती. गुरुजींनी तरटाच्या पट्ट्या अंथरून मुलांना ओळीनं बसवलं. उठून यायला मधे जागा नव्हती म्हणून मी सांगितलं, झालं की हात वर करा. मुलं मांडी घालून बसली, कागद पुढ्यात घेतले, आणि बऱ्याच वेळानं सगळे हात जवळजवळ एकदमच वर आले. मी वेळा टिपल्या. सगळ्या एकमेकींच्या जवळ आणि सगळ्या धुळ्याच्या मानानं उशिराच्या. सरांना तो तक्ता दाखवला तेव्हा ते खूश झाले. मीही झाले. एवढीही शंका आली नाही की दहाएक वर्षांची वीस मुलं एकाच चालीनं विचार करतील कशी. तुमच्या धरणगावच्या शेतात कपाशीच्या एका झाडाची बोंडंसुद्धा एका दिवशी फुटत नाहीत.

परवा मंगळवारी मी नशिराबादला पुन्हा गेले. काही मुलं पहिल्या वेळी गैरहजर होती, त्यांच्यासाठी. ओळीत सकीना नावाची एक मुलगी होती, रंगाऱ्याची. तिनं पेन्सिल खाली ठेवली, कागदावर तळवा टेकवला आणि ती स्वस्थ बसली. मी वाट पाहिली. मग पद्धत सोडून तिला विचारलं, झालं का तुझं. ती म्हणाली, "केव्हाच झालं, बाई." मग हात वर का नाही केलास. तिनं शेजारच्या मुलाकडे हनुवटी केली आणि म्हणाली, "चांदचं व्हायचंय ना अजून." जणू काय मीच काही अशिष्ट विचारलं होतं. मी ओळीतल्या दुसऱ्यांना विचारलं. कुणी खाली बघितलं, कुणी हसलं. एक जण म्हणाला, "पंगतीतून मधेच कुणी उठतं का बाई?" त्यावर चांदनं मान वर न करता सांगितलं, "थांबा, माझं एकच राहिलं," आणि सगळी ओळ खुदकन हसली.

म्हणजे मी जे मोजलं ते मुलांच्या विचाराची गती नव्हतीच. ओळीतल्या सगळ्यांत मागच्या मुलाला जेवढा वेळ लागला, तेवढा मी प्रत्येकाच्या नावावर लिहिला होता. धुळ्याच्या मुलांना बाकावरून उठून पळायचं होतं, इथल्या मुलांना मी माझ्याच हातानं पंगतीत बसवलं होतं. आणि अक्का, ही गोष्ट पुण्याच्या कुणाच्या लक्षात आली नसती तर चालण्यासारखं होतं. माझ्या यायला हवी होती. माझं पहिलं शिक्षण कुठं झालं? चाळीसगावला, नानांच्या ओटीवर, तुझ्या शेजारी. नाना आपल्याला आणि शेजारच्या सुपडूला, निंबाला ओळीनं बसवायचे. गणित झालं की पाटी पालथी घालायची, पण सगळ्यांत लहान निंबा, त्याचं होईपर्यंत कुणी पाटीला हात लावायचा नाही. "मागच्याचं पान वाढलेलं असताना पुढच्यानं आचवायला उठू नये," हे त्यांचं वाक्य मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. निंबा मुद्दाम रेंगाळायचा आणि तू त्याला पायाच्या अंगठ्यानं ढोसायचीस.

नशिराबादहून आल्यावर मी धरणगावची टिपणं काढली. प्रत्येक मुलापुढं मी एक रकाना ठेवला होता, काम करताना मूल कसं वागलं त्याचा. कुंदाच्या नावापुढं मी लिहिलं आहे: पेन्सिल खाली ठेवली आहे, शेजारणीच्या कागदाकडे पाहते, लक्ष विचलित. दिसलं ते पहिल्या दोन गोष्टींत आहे. तिसरी मला वाटली. एवढ्या दोन शब्दांसाठी सर मला वर्गाबाहेर काढतील, आणि काढावंच. शिवाय मुलाचा आकडा त्याच्या घरी कळवायचा नाही हा आमचा पहिला नियम. तो मी मोडला. तू सहज विचारलंस, आमच्या कुंदीचं काय निघालं गं, आणि मी माझी विद्या मिरवायला आकडा लिहून पाठवला.

त्याचं काय झालं ते तुझ्या पत्रात आहे. तू तक्रार केली नाहीस, कधीच करत नाहीस. फक्त लिहिलंस की आबांनी पत्र सुकदेव गुरुजींकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "पोरगी धीमी शे, कागदवर लिखेल शे. एम.ए. वाली मावशीनीच लिखेल शे. आते घरनं काम शिकू दे." आणि येत्या मंगळवारी ते शाळेत जाऊन तिचं नाव काढणार आहेत. खाली तू लिहिलंस, कुंदी रडली नाही, दप्तर झटकून खुंटीला लावलं. ते वाक्य वाचून मी पत्र मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. आबांना मी दोष देत नाही. त्यांनी शिकलेल्या माणसाच्या लिहिण्यावर विश्वास ठेवला.

मी कालच सरांना सगळं कळवलं. निकाल मागे घेते, मुलांना एकेकट्यानं बसवून पुन्हा तपासावं लागेल, प्रबंध या वर्षी होणार नाही. त्यांचं उत्तर अजून यायचं आहे, पण ते मला आधीच पाठ आहे. ते म्हणतील, मुलाखत तेवढी देऊन टाक, दुरुस्ती मागाहून करता येईल. कालपासून मी तेच स्वतःलाही सांगून पाहते आहे. ट्रंक भरते, रिकामी करते. सोमवारी अकरा वाजता पुण्यात कुणी माझ्या स्वच्छ निकालाची तारीफ केली तर मी गप्प बसेन की बोलेन, हे मला खात्रीनं सांगता येत नाही. माझ्या गप्प बसण्याचा मला अनुभव आहे.

कुंदा हुशार आहे, असंही मी या पत्रात लिहीत नाही. तुला ते वाचायला आवडलं असतं, पण ते मला माहीत नाही. माझ्या आकड्यावरून ते कळत नाही एवढंच मला माहीत आहे. तिला एकटीला बसवून, शेजारी कुणी नसताना, पुन्हा कोडी द्यावी लागतील. तोवर तिला यातलं काही सांगू नकोस. घाई कर, असं तर मुळीच सांगू नकोस. आणि तिला थांबू नकोस असं शिकवू नये, असं मला वाटतं. ते वाटणं आहे, दिसलेलं नाही, म्हणून वेगळं लिहिते.

आता जे लिहायचं म्हणून कागद घेतला ते. पंधरा वर्षांपूर्वी पुण्याच्या वसतिगृहात एका मुलीची जागा मिळाली आणि नानांनी आपल्या दोघींना दहा गणितं घातली. त्या दिवशी त्यांनी स्वतःचाच नियम मोडला. म्हणाले, जिची पाटी आधी पालथी पडेल ती पुण्याला जाईल. माझी आधी पडली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आले, वसतिगृहात, कॉलेजात, तुझ्या लग्नात तुझ्या सासरच्या माणसांनाही, की गणितात मी अक्काच्या पुढं होते. ते चूक आहे. माझी दोन गणितं राहिली होती तेव्हा तुझी पेन्सिल खाली होती. तुझा तळवा पाटीच्या लाकडी चौकटीवर होता आणि तू माझ्या पाटीकडे पाहत होतीस. मी ते पाहिलं. दोन्ही गणितं पुरी केली, पाटी पालथी घातली, आणि त्यानंतर तू तुझी घातलीस. तू सवयीनं थांबलीस की माझ्यासाठी थांबलीस, हे मी तुला कधी विचारलं नाही, कारण उत्तर काहीही आलं असतं तरी मला पुण्याहून परत यावं लागेल अशी भीती होती. आबांना दोन्ही सांगायचं आहे: कुंदाच्या कागदाचं आणि तिच्या आईच्या पाटीचं. पत्रानं नाही, त्यांच्यासमोर बसून, आणि तू तिथं हवीस. स्वयंपाकघरातून ऐकायचं नाही. पुण्याला मी येणार नसल्याची तार आज दुपारी केली. सकाळच्या पॅसेंजरनं जळगावहून निघून मी धरणगावला उतरते, सोमवारी, ता. ११ मार्चला.

तुझीच,
पुष्पा